मॅन्युअल गुरुजी

खोकं उघडलं की आतली वस्तू आधी बाहेर काढायची नाही, हा आमच्या गावातला नियम. तो एकट्या गुरुजींनी केलेला आहे आणि गुरुजी समोर असले तरच गाव तो पाळतं. खोक्यात पहिला हात त्यांचा. थर्माकोल जरासं उचलून, मशीनच्या कुशीतून ते अशा अदबीनं चाचपत जातात की एखाद्या जुन्या सुईणीची आठवण यावी. बोटांना कागद लागला की चेहरा फुलतो. "आलं!" म्हणतात आणि पुस्तिका बाहेर काढून आधी कपाळाला लावतात. मग खाली ते मशीन धडधाकट आहे की वाटेतच दगावलंय, याच्याशी त्यांना फारसं कर्तव्य नसतं.

आमचं गाव सेलू तालुक्यात, दुधनेच्या काठाला. गुरुजींनी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं आणि तेवढीच वर्षं शाळेचा लाउडस्पीकर सांभाळला. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि आमच्या मराठवाड्याचा खास १७ सप्टेंबर, या दिवशी गाव जागं व्हायचं ते गुरुजींच्या "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन"नं. चार कधी ऐकलं नाही. त्यांचं खरं नाव आता पेन्शनच्या पासबुकात आणि लग्नपत्रिकांत तेवढं उरलंय. समोर सगळे गुरुजी म्हणतात, आणि पाठ फिरली की मॅन्युअल गुरुजी.

त्यांच्या घरी देवघराच्या वरच्या फळीवर एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात मर्फीच्या रेडिओची पुस्तिका आहे, फिलिप्सच्या टेपरेकॉर्डरची आहे, जावयानं आणलेल्या वॉकमनची आहे, शाळेच्या पहिल्या मशीनची आहे. मशीन म्हणजे अॅम्प्लिफायर. आमच्याकडे साऊंडच्या धंद्यात मशीन म्हटलं की दुसरं काही नसतं. यातली एकही वस्तू आज चालत नाही. बहुतेक तर अस्तित्वातच नाहीत. रेडिओ भंगारवाल्यानं नेला, त्याला बरीच वर्षं झाली. पण मीडियम वेव्हवर १३०५ ला काटा आणला की आकाशवाणीचं परभणी केंद्र लागतं, ही त्यांनी पेन्सिलनं केलेली नोंद पुस्तिकेच्या समासात अजून ठसठशीत आहे. काकू म्हणतात, "रेडिओ गेला तवा ह्यांच्या डोळ्याला पाणी न्हाई. पुस्तकाला वाळवी लागली तर दोन दिवस जेवले न्हाईत."

खंडेनवमीला गाव पांभर, कुळव, विळे-खुरपी मांडून पूजतं. गुरुजी पुस्तिका मांडतात. प्रत्येकीला हळदी-कुंकवाचं एकेक बोट लावून ट्रंकेतल्या रजिस्टरशी पडताळणी होते. आवक, दिनांक, पृष्ठसंख्या, शेरा. या रजिस्टरात एकच नोंद लाल शाईत आहे. शाळेच्या पहिल्या मशीनची पुस्तिका, शेरा: "पान ७-८ गहाळ."

ही त्यांच्या आयुष्यातली ठसठस. कारण पान ६ वरचं शेवटचं वाक्य असं आहे, इंग्रजीतलं, पण गुरुजींनी वर पेन्सिलनं मराठी केलेलं: "मशीन वारंवार गरम होत असल्यास सर्वप्रथम". आणि तिथं पान संपतं. पुढं थेट ९, ज्यावर हमीपत्राच्या अटी. सर्वप्रथम काय? शिपायावर संशय घेऊन झाला, मुख्याध्यापकांवर घेऊन झाला, शाळेच्या आवारात चरणाऱ्या एका शेळीवर तर बरीच वर्षं होता. ते मशीन पुढं गरम होऊनच गेलं. गुरुजींच्या मते ते वाचलं असतं. औषध माहीत होतं, फक्त ते सातव्या पानावर होतं.

पुस्तिका वाचायची त्यांची पद्धत पोथीची. मधूनच उघडायचं नाही, शेवटचं आधी नाही, आणि सुरक्षेच्या सूचना तर मुळीच गाळायच्या नाहीत. जगभरच्या ऑडिओ यंत्रांच्या पुस्तिका सुरू होतात त्या ठरलेल्या चार वाक्यांनी. या सूचना वाचा. या सूचना जपून ठेवा. सर्व इशारे ध्यानात घ्या. सर्व सूचना पाळा. गुरुजी हे वाचतात तेव्हा आवाज खाली येतो. एकदा मला म्हणाले, "लिहिणाराला माणूस कळला होता बघ. पहिल्यांदा 'वाचा' म्हणाला. न वाचताच लोक पाळायला जातात."

पण वाचन चालू असताना शेजारी ऑपरेटर बसलेला असतो, ही अडचण. ऑपरेटर म्हणजे आमचा साऊंडवाला पोरगा. त्याच्या बापाचाही हाच धंदा होता. शिकला दहावीपर्यंत, आणि त्याचं सगळं ज्ञान तळहातात आहे: मशीनच्या पाठीवर हात ठेवतो आणि किती वेळ तग धरेल ते सांगतो.

"पाण्याजवळ वापरू नये," गुरुजी वाचतात.

"पाणी हाय कुठं, गुरुजी?"

"विजा चमकत असताना प्लग काढून ठेवावा."

"त्याच्या आधीच लाईट जातीय की."

"सभोवतालचं तापमान ४० अंशांच्या वर असू नये."

इथं ऑपरेटरही गप्प होतो. मे महिन्यात परभणीचा पारा ४४ च्या घरात जातो. म्हणजे पुस्तिका मानायची तर एप्रिल-मेची लग्नं, जत्रा आणि सप्ताह, सगळंच बेकायदा. गुरुजींनी यावर तोडगा काढलाय. कार्यक्रम दिवसाचा असला की ते मशीनवर छत्री बांधतात आणि बाजूला ओलं पोतं टांगतात. गेल्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमात पाहुणे उन्हात रुमालानं घाम पुसत होते, आणि अध्यक्षांच्या डाव्या हाताला एक अॅम्प्लिफायर छत्रीखाली गारव्याला बसला होता. "पाहुण्यांच्या अंगावर तापमान छापलेलं नाही," गुरुजी म्हणाले.

आता जर्मनीकडे येतो. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आमच्या जिल्ह्यात पोर बोलायला लागलं की शिकतं. अर्थ विचारू नये. तो आम्हालाही नीट माहीत नाही आणि त्यानं अभिमान कमी होत नाही. गुरुजींच्या हाती मात्र याचा पुरावा लागला. परदेशी माईकच्या पुस्तिकेत दहा-बारा भाषांचे रकाने असतात. त्यातला जर्मन रकाना त्यांनी इंग्रजीशेजारी ठेवून शब्दाला शब्द लावत सोडवला. पुस्तिकेला जर्मनीत 'बेडीनुंग्सआनलाइटुंग' म्हणतात, हे त्यांनी भर पारावर सांगितलं तेव्हा एका म्हाताऱ्यानं विचारलं, "ते कोणत्या रोगावर?" अशा रीतीनं त्यांना चाळीसेक जर्मन शब्द येतात आणि सगळे धोक्याचे आहेत. उद्या त्यांना जर्मनीत सोडलं तर भाकरी मागता येणार नाही, पण आग, पाणी आणि वीज यांपासून सगळ्या देशाला सावध करता येईल. 'आख्टुंग' म्हणजे सावधान, हा शब्द तर गावात रुजलाच. पोळ्याला बैल उधळला की पोरं "आख्टुंग!" म्हणून ओरडत वाट मोकळी करतात.

त्यात त्यांना कुठंतरी कळलं की सपाट तबकडीचा ग्रामोफोन काढणारा एमिल बर्लिनर मूळचा जर्मनीतल्या हॅनोवरचा, आणि माईकसाठी नावाजलेली सेनहायझर कंपनी १९४५ साली सुरू झाली तीही हॅनोवरजवळच्याच एका खेड्यात. मग काय. "आवाजाचं यंत्र जर्मनीचं," गुरुजी म्हणाले, "आणि आवाज परभणीचा. म्हणीचा अर्थ हा आहे."

दहा-बारा भाषांत मराठी नसते, हे त्यांचं दुसरं दुखणं. २०११ च्या जनगणनेत आठ कोटींच्या वर लोकांनी मातृभाषा मराठी सांगितली. ज्यांच्या भाषेत पुस्तिका निघते असे काही देश अख्खे मिळून एवढे भरत नाहीत. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला तेव्हा गावात पेढे वाटले गेले. गुरुजींनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "अभिजात झाली, चांगलं झालं. आता तेवढी खोक्यात यावी."

त्यांची आणि माझी या विषयावर बरीच वादावादी झालेली आहे. मी परभणीला नोकरीला असतो, मोबाईलवर सगळं वाचतो आणि कागद वाचवला पाहिजे अशा मताचा आहे. मी म्हटलं, गुरुजी, आता पुस्तिकेत असतं तरी काय? दोन पानं सूचना, बाकी 'आमच्या संकेतस्थळाला भेट द्या'. तेव्हा ते मला हाताला धरून ट्रंकेपाशी घेऊन गेले आणि मर्फीची पुस्तिका काढली. घडी उघडली तर आत अख्ख्या रेडिओचा नकाशा. कुठला व्हॉल्व्ह कुठं, कुठल्या टोकाला किती व्होल्ट यायला पाहिजेत. जुन्या रेडिओंच्या पाठीच्या पुठ्ठ्यावर आतूनही व्हॉल्व्हची मांडणी चिकटवलेली असे. म्हणजे कंपनी सांगत होती की हे बिघडणार आहे, उघडावं लागणार आहे, घ्या, हे असं आहे. मग त्यांनी नवी पुस्तिका माझ्या हातात दिली आणि एका ओळीवर बोट ठेवलं: वापरणाऱ्यानं दुरुस्त करण्यासारखं आत काहीही नाही. "हे वाक्य," गुरुजी म्हणाले, "मला उद्देशून आहे."

मला काही उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही सुचलेलं नाही. पण म्हणून दरवर्षी लाखो खोक्यांत अकरा भाषांचा कागद कोंबावा, हेही पटत नाही, कारण तो कागद वाचणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे.

कायदाही त्यांनी पाठ केलाय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ८४: इजा होऊ नये म्हणून वस्तू कशी वापरावी याच्या पुरेशा सूचना नसतील, तर उत्पादक जबाबदार. सूचना पाहिजेतच. मात्र त्या कलमात 'कागद' हा शब्द नाही, आणि तिथंच गुरुजींचं घोडं पेंड खातं. वर २०२२ च्या जुलैत सरकारनं वजनमापाच्या नियमांत बदल करून इलेक्ट्रॉनिक वस्तूंवरची काही सक्तीची माहिती वर्षभरासाठी क्यूआर कोडमधून द्यायला मुभा दिली. ती बातमी वाचून गुरुजींनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि काकूंना म्हणाले, "दार उघडलं. आता येतील एकेक."

आलं ते यंदाच्या हनुमान जयंतीच्या सप्ताहाला. कमिटीनं वर्गणीतून नवा मिक्सर घेतला. कीर्तनकार महाराजांना इको लागतो, भजनी मंडळाला सहा माईक लागतात, जुन्यावर भागेना. खोकं मारुतीच्या पारावर ठेवलं, गुरुजींना बोलावणं गेलं. त्यांनी हात घातला. चाचपलं. डावीकडून, उजवीकडून, तळातून. मिक्सर काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि खोकं उलटं करून झटकलं. सिलिका जेलची पुडी पडली, आणि तळहाताएवढं एक कार्ड, ज्यावर काळा-पांढरा चौकोन होता. ठिपक्यांच्या रांगोळीवरून कुत्रं गेल्यासारखा.

"हे काय?"

"पुस्तिकाच हाय की, गुरुजी," ऑपरेटर म्हणाला. "मोबाईल धरायचा त्याच्यावर."

मी माहितीत भर घातली की हा कोड जपानमध्ये १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांवर नजर ठेवायला काढला गेला. गुरुजी म्हणाले, "मग मोटारीला लावा."

मोबाईल धरला, पण पारावर रेंज नाही. आमच्या गावात रेंज पाण्याच्या टाकीवर असते. म्हणून सप्ताह कमिटीचे अध्यक्ष, सचिव, ऑपरेटर, मी आणि धोतर सावरत गुरुजी, असे पाच जण मिक्सरची माहिती घ्यायला टाकीच्या जिन्यावर चढलो. खाली बायकांना वाटलं, मागण्या मान्य होईपर्यंत आम्ही काही उतरत नाही. फाईल उघडली. ९६ पानं, अक्षर मुंगीएवढं. गुरुजींनी दोन बोटांनी ते मोठं केलं तर अर्धी ओळ पडद्याबाहेर गेली. तिच्यामागं सरकत सरकत ते वाक्याच्या शेवटी पोचले आणि थांबले.

"काय झालं?"

"कर्ता विसरलो," म्हणाले, आणि परत डावीकडे निघाले.

तेवढ्यात फोन वाजला. मोबाईल अध्यक्षांचा, त्यावर बाजारातून भाव सांगणारा व्यापारी. पुस्तिका गेली. गुरुजींनी त्या फोनकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी त्यांच्या वर्गात असताना खिडकीतून बाहेर बघणाऱ्या पोरांवर पाहिली होती. पुस्तिकेलाच मधे फोन येतो, हा प्रकार त्यांच्या ट्रंकेत कधी घडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते एसटीनं सेलूला गेले आणि एका झेरॉक्सच्या दुकानात ९६ च्या ९६ पानं छापून, स्पायरल करून घेऊन आले. बिल कमिटीकडे दिलं. खजिनदारानं विचारलं, हे कशात धरू? गुरुजी म्हणाले, "पारायणाचे ग्रंथ."

सप्ताहाच्या पहिल्या संध्याकाळी ऑपरेटर कर्णे बांधत होता. मारुतीच्या पाराभोवती, पिंपळावर, शाळेच्या गच्चीवर, मिळून आठ. गुरुजी ओट्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसले. हा त्यांचा आवडीचा भाग. प्रत्येक कर्ण्याचं युनिट १६ ओहमचं. आठही नुसते समांतर जोडले तर सगळे मिळून २ ओहम होतात, आणि मशीनला ४ च्या खाली चालत नाही. करंट जास्त ओढला जातो, मशीन तापतं आणि मग जळतं. गावोगाव मशीनं जातात ती अशीच. गुरुजींनी पोराला हाक मारली, "कसं जोडलंस?"

"बनी तो बनी, नाही तर परभणी," पोरगा फांदीवरून म्हणाला.

गुरुजी वायरी बघत फिरले. फिरता फिरता पावलं मंदावली. दोन-दोन कर्णे एकामागं एक जोडलेले: सोळा नि सोळा बत्तीस. अशा चार जोड्या समांतर: बत्तीस भागिले चार, आठ. बरोब्बर ८ ओहम. त्यांनी कागदावर पुन्हा गणित केलं. पुन्हा आठच आलं.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"शिकवायला काय हाय? पेटीत चित्र हाय की. बाबा चिकटवून गेलाय."

पेटी म्हणजे बापाची लाकडी पेटी, पिना, फ्यूज, पकड आणि काळी टेप ठेवायची. पोरानं झाकण उघडलं. आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. सोल्डरच्या धुरानं चहासारखा झालेला, कडेला बोटांचे काळे ठसे. कर्णे जोडायच्या तीन पद्धतींची आकृती, बाण, ओहमचे आकडे. आणि खालच्या कोपऱ्यात, बारीक, ८.

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, घातला. शाळेचं मशीन एकदा दुरुस्तीला कोणाकडे गेलं होतं, हे त्यांना तेव्हा आठवलं असावं, कारण ते बराच वेळ काही बोलले नाहीत. शेळी निर्दोष सुटली, एवढं मला कळलं. मग त्यांनी नखानं कागदाचा एक कोपरा हळूच चाचपला. सुईणीचाच हात.

"याच्या मागं सात आहे," ते म्हणाले. आवाज वेगळाच लागला होता.

"असंल की."

"सात पानावर लिहिलंय, मशीन गरम झालं तर सर्वप्रथम काय करायचं."

"गरम झालं तर? बाबा म्हणायचा, वारा घाल."

"बाबा काय म्हणायचा ते नाही. पुस्तिकेत काय आहे?"

कोपरा जरासा सुटला होता. मी लोट्यातलं पाणी पुढं केलं. ओलं केलं तर निघेल असं मला वाटलं. ऑपरेटरनं माझा हात धरला. या पोरानं आजवर एकही पुस्तिका उघडलेली मी पाहिली नव्हती, आणि आता त्याचा चेहरा काकू वाळवीबद्दल सांगतात तसा झाला होता.

"गुरुजी, सरसानं चिकटवलंय. फाटंल. तेवढंच हाय माझ्यापाशी."

गुरुजींनी कोपरा परत खाली घातला आणि अंगठ्यानं दाबून धरला, खळ वाळेपर्यंत धरावा तसा. मग रजिस्टर मागवलं. काकूंनी नातवाबरोबर पाठवलं. लाल शाईच्या नोंदीपुढं त्यांनी निळ्या शाईत लिहिलं: "पान ८ मिळाले, वापरात आहे. पान ७ त्याच्या पाठीशी."

रात्री नऊला महाराज उभे राहिले. दहाला कर्णे बंद करायचे असतात, त्यामुळे घाई होती. पहिल्या अभंगाला टाळ चढले आणि ऑपरेटरनं सवयीनं मशीनच्या पाठीवर तळहात ठेवला. त्यानं गुरुजींकडे पाहिलं. हवेत अजून दुपारची धग होती, पंख्यांची तोंडं सगळी महाराजांकडे.

गुरुजी उठले नाहीत. बसल्या जागी त्यांनी मांडीवरचं स्पायरल उचललं, ९६ पानं मधोमध मुडपली आणि मशीनला वारा घालायला लागले.